तीस अंधाराचे, तीस उजेडाचे

झाकण लावलेल्या कॅमेऱ्याने अंधाराचे तीस फोटो काढायचे आहेत, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, “एक काढून भागणार नाही का?”

प्रश्न वाजवी होता. पण आकाशाचे फोटो काढण्याचा छंद वाजवी प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नाही. मी गावाबाहेरच्या माळावर आमच्या खगोल मंडळासोबत जाऊन एका तेजोमेघाचे सत्तर फोटो काढून आणले होते. प्रत्येक फोटो पाच मिनिटांचा. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन होतं आणि भिंतीवरचा एक खिळा माझ्यासाठी राखून ठेवला होता. म्हटलं तर काम संपलं होतं, आणि म्हटलं तर सुरूसुद्धा झालेलं नव्हतं.

त्याचं असं आहे. आमचा कॅमेरा साधा नाही, थंड करायचा कॅमेरा आहे. त्याच्या पोटात एक यंत्र आहे, ते त्याला बर्फाच्याही दहा अंश खाली नेऊन ठेवतं. इतकी बडदास्त ठेवूनही तो गप्प बसत नाही. अंधारात ठेवला तरी त्याला कुठे कुठे ठिपके दिसतात. मग त्याला झाकण लावून, तितकाच थंड करून, तितकाच वेळ अंधाराचे फोटो काढायला लावायचे, म्हणजे त्याला नसलेलं काय काय दिसतं ते आपल्याला कळतं. ते खऱ्या फोटोतून वजा करायचं. हे झाले अंधाराचे तीस.

दुसरी भानगड धुळीची. कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण असला की फोटोत राखाडी गोल उमटतो. माझ्या तेजोमेघावर असे दोन गोल होते, एक अगदी मधोमध आणि एक जरा कडेला. त्यासाठी कोऱ्या उजेडाचे तीस फोटो काढायचे. त्यात फक्त धूळच दिसते. धूळ कुठे आणि किती हे कळलं की कॉम्प्युटर ती बरोबर काढून टाकतो. अट एकच, तीच धूळ त्याच जागी हवी. हे फोटो खरं तर माळावरच पहाटे घ्यायचे असतात. मी थकून विसरलो. मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर मला फैलावर घेतलं आणि बजावलं, “कॅमेरा दुर्बिणीपासून सोडवायचा नाही, फिरवायचा नाही आणि त्या धुळीला हात लावायचा नाही. कोरे फोटो झाले की मग त्याला घेऊन नाचलास तरी चालेल.”

मी कॅमेरा जोडलेली दुर्बीण झोपायच्या खोलीत खिडकीपाशी उभी केली आणि तिला एक कागद बांधला. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘धूळ पुसू नये.’

“पाहुणे आले तर हा कागद कुठे लपवायचा, तेही लिहून ठेवा,” बायको म्हणाली.

आणि पाहुणे आलेच. नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून आठ दिवस आमच्याकडे राहायला आले होते. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला लागत, असं ते स्वतः सांगतात, आणि त्यांच्याकडे पाहिलं की ते खरं वाटतं. आमच्याकडे आल्यावर ते आधी स्वयंपाकघरातला काटा तपासतात आणि मग पाणी पितात. तेवीस वर्षांत त्यांनी मला एकदाही वाईट म्हटलेलं नाही. चांगलंही म्हटलेलं नाही. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि “तूर्तास ठीक आहे” म्हणाले. ते तूर्तास अजून चालूच आहे. मी कपाट जोडलं, घर घेतलं, कचेरीत बढती मिळवली, सगळ्यावर एकच शेरा, “हं.” माणसाला पन्नाशीत सासऱ्याच्या शाबासकीची हौस असावी ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण मला ती होती आणि आहे.

त्या दिवशी जेवताना बायकोने माझी थट्टा म्हणून अंधाराच्या फोटोंचा विषय काढला. नाना जेवता जेवता थांबले.

“म्हणजे उपकरणाची चूक तुम्ही आधी मोजून ठेवता आणि मग वजा करता?”

“हो.”

“अंदाजाने नाही?”

“छे. तीस वेळा मोजतो आणि सरासरी काढतो.”

नानांनी चमचा खाली ठेवला. “जावईबापू,” ते म्हणाले, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

या प्रश्नात आदर होता, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्या दुपारी ते झोपले नाहीत. दुर्बिणीसमोर खुर्ची टाकून बसले आणि कुठला स्क्रू कशाचा, कॅमेरा कसा सुटतो, काच कुठे असते, हे सगळं विचारून घेतलं. मी सांगत होतो आणि ते ऐकत होते. असं उलटं चित्र आमच्या घरात प्रथमच दिसत होतं. बायको दोनदा दारात येऊन पाहून गेली.

आता प्रश्न कोऱ्या उजेडाचा. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर आणि तारे उगवण्याआधी आकाश वीसेक मिनिटं अगदी कोरं असतं. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणायचं आणि ते आकाश टिपायचं. त्यासाठी गच्ची हवी. गच्चीची किल्ली इमारतीच्या सेक्रेटरींकडे असते, आणि सेक्रेटरींकडे गच्ची वापरण्याचा छापील अर्ज असतो. त्यात वापराचं कारण म्हणून चार रकाने आहेत: कपडे, टाकी, अँटेना, इतर.

“इतर म्हणजे काय ते लिहा,” सेक्रेटरी म्हणाले.

“आकाशाचे फोटो.”

“ताऱ्यांचे?”

“नाही. तारे यायच्या आत काढायचे आहेत.”

“मग ढगांचे.”

“ढग असले तर काढता येणार नाहीत.”

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “मग फोटोत दिसणार काय?”

“काही दिसता कामा नये.”

सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी ‘काही न दिसणारे फोटो’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि अर्ज कमिटीपुढे ठेवला. कमिटीत खालच्या मजल्यावरचे डेंटिस्ट आहेत. त्यांनी हरकत घेतली, की दुर्बीण गच्चीवर गेली तर समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या खासगीपणाचं काय? दुर्बिणीच्या तोंडावर कापड बांधलं तरच परवानगी द्यावी. मी अट ताबडतोब मान्य केली. इतक्या वर्षांत कमिटीची अट कोणी न भांडता मान्य केली नव्हती, त्यामुळे त्यांना संशय आला आणि निर्णय दोन दिवस पुढे गेला.

त्या दोन दिवसांत सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. डेंटिस्ट स्वतः म्हणाले, गच्ची कशाला, माझ्या दवाखान्यात या, पेशंटच्या तोंडावर धरतो तो दिवा दुर्बिणीच्या तोंडावर धरू. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं, की काळे फोटो आणि पांढरे फोटो इंटरनेटवर आयते मिळतात, उगाच कशाला जिवाला त्रास. कचेरीत माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, काहीच दिसत नसेल तर एकदा चष्म्याचा नंबर बघून घ्या. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ज्याला आपलं काम समजावून सांगता येत नाही, त्याने निदान ऐकून तरी घ्यावं, असं माझं मत आहे.

बुधवारी परवानगी आली. पांढरं कापड म्हणून मी माझा लग्नसमारंभात घालायचा शर्ट दिला. बायकोने तो चार वेळा इस्त्री केला, कारण एक सुरकुती राहिली तरी फोटोत येते. नानांनी सुरकुत्या भिंगातून तपासल्या. संध्याकाळी मी गच्चीवर दुर्बीण उभी करून तिला शर्ट घातला, मानेशी गुंडी लावली. बाह्या वाऱ्यावर हलत होत्या. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. आमच्या गच्चीवर शर्ट घातलेलं कोणीतरी डोकं नसलेलं उभं आहे आणि एक गृहस्थ त्याचे फोटो काढतो आहे, शेजारी एक म्हातारे घड्याळ लावून आकडे लिहून घेत आहेत, असं त्यांना दिसलं असावं. खासगीपणाचं रक्षण झालं. आमच्या नाही, त्यांच्या. तीस फोटो निघाले. सगळे कोरे. नानांनी वहीत तीस बरोबरच्या खुणा केल्या.

आता कॅमेरा सोडवायला मोकळीक होती. उरले अंधाराचे तीस. इथे हवेने घात केला. त्या आठवड्यात इतका उकाडा होता, की कॅमेऱ्यातलं यंत्र जीव तोडून चाललं तरी एक अंशाखाली उतरेना. मला हवे होते उणे दहा. मी घरभर फिरलो आणि शेवटी फ्रिजसमोर थांबलो. थंडही आणि अंधारही. दूध, अंडी आणि अर्धी काकडी बाजूला सारून मी कॅमेऱ्याला मधल्या फळीवर बसवलं, वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली आणि दार लावलं.

“फ्रिजमधला दिवा दार लावल्यावर विझतो कशावरून?” नाना म्हणाले.

हा प्रश्न आम्हा कोणालाच कधी पडला नव्हता.

“विझतोच की,” बायको म्हणाली.

“कोणी पाहिलंय?”

मी पहिला फोटो काढला. एका कडेला पुसट उजेड होता. तो दिव्याचा की वायरीच्या फटीतून आलेला, यावर पाऊण तास चर्चा झाली. नाना म्हणाले, दुकानदार ‘विश्वास ठेवा’ म्हणाला की आपण आधी तागडीखाली बघायचो. त्यांनी दिवाच काढून घेतला, फटीवर दोन टॉवेल दाबून धरले आणि फ्रिजला पाठ लावून स्टुलावर बसले. अडीच तास फ्रिज उघडायचा नाही असा हुकूम सुटला. सतराव्या फोटोच्या वेळी डेंटिस्ट गच्चीवरचं काम झालं का ते विचारायला आले आणि बायको सवयीने चहाला दूध घ्यायला गेली. नाना स्टुलावरून उठले नाहीत. डेंटिस्टांनी काळा चहा घेतला आणि दातांना तोच बरा म्हणाले.

गुरुवारी रात्रीपर्यंत सगळं जमलं होतं. नानांची वही भरली होती. झोपायला जाताना त्यांनी मला विचारलं, “रविवारी प्रदर्शन किती वाजता?” मी सांगितलं दहाला. “मी येईन,” ते म्हणाले. माझ्या बढतीच्या समारंभाला ते गुडघ्याचं कारण सांगून आले नव्हते.

शुक्रवारी कचेरीतून लवकर येऊन मी कॉम्प्युटरला सगळं खाऊ घातलं. तासाभराने फोटो वर आला. ठिपके गेले होते, रंग उमटले होते, माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना इतका तो तेजोमेघ देखणा होता. आणि त्याच्यावर ते दोन राखाडी गोल तसेच्या तसे होते. मी कोऱ्या उजेडाचे फोटो एकेक करून उघडले. तीसच्या तीस स्वच्छ. त्यात धुळीचा एक कण नव्हता. म्हणजे माळ आणि गच्ची यांच्या मध्ये कोणीतरी ती काच पुसली होती.

माझा तोल गेला. हॉलमध्ये तेव्हा सेक्रेटरी गच्ची सुस्थितीत परत मिळाल्याच्या कागदावर सही घ्यायला आले होते, आणि सोबत कमिटी म्हणून डेंटिस्ट.

“धूळ कोणी पुसली?” मी ओरडलो.

“कुठली धूळ?” बायको म्हणाली.

“माझी! त्या काचेवरची! कागद बांधला होता, वाचता येत नाही का? या घरात एक वस्तू जिथल्या तिथे राहील तर शपथ! दिसलं की पुसायचं, दिसलं की आवरायचं!”

“मी नाही हात लावला.”

“मग काय आपोआप उडून गेली?”

सेक्रेटरी स्वतःच्या कागदाकडे बघत राहिले. बायकोने गॅलरीकडे पाहिलं. तिथे नाना पेपर वाचत होते आणि पान उलटत नव्हते. मग ती हळू आवाजात म्हणाली, “असेल. माझा हात लागला असेल,” आणि आत निघून गेली. मला त्या क्षणी आपण जिंकलो असं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं.

शनिवारी मी धूळ परत आणण्याचा प्रयत्न केला. कॅमेऱ्याची काच उघडी ठेवून त्याच्या शेजारी उशा झटकल्या, पायपुसणं झटकलं, माळ्यावरची जुनी पेटी उतरवून तिच्यावर फुंकर मारली. चार नवे गोल आले. एकही जागेवर नव्हता. नाना न सांगता मदतीला आले होते. उशी धरून उभे होते आणि एक शब्द बोलत नव्हते. बायकोही फक्त किल्ली आणि गॅस या दोन विषयांवर बोलत होती.

मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, कॉम्प्युटरवर पुसून टाक ते गोल. सगळेच करतात. कोणाला कळतंय?” मी बसलो आणि बोळा फिरवल्यासारखा माऊस फिरवू लागलो. मागे नाना येऊन उभे राहिले.

“काय करताय?”

“गोल पुसतोय.”

“मोजून?”

“नाही. अंदाजाने.”

ते वळले आणि आठ वाजताच जाऊन झोपले. मीही थोड्या वेळाने नाद सोडला. तत्त्व म्हणून सोडला असं सांगायला मला आवडलं असतं. पण गोल जाऊन तिथे अंगठा फिरवल्यासारखा चट्टा दिसायला लागला होता, हे खरं कारण. शेवटी गोलांसकट फोटो छापून आणला.

रविवारी दहा वाजता माझा तेजोमेघ खिळ्यावर लटकला. शेजारी एका बँक अधिकाऱ्याचा चंद्र होता, त्याच्यावर कसलाच डाग नव्हता, म्हणजे जे चंद्राचे स्वतःचे असतात ते सोडून. बायको आली होती. माझ्यापासून दोन हात अंतरावर, पर्स छातीशी धरून. सेक्रेटरी आणि डेंटिस्ट दोघेही आले होते, कारण आपण परवानगी कशाला दिली हे त्यांना बघायचं होतं. नाना कडक इस्त्रीचे कपडे घालून फोटोच्या डाव्या बाजूला उभे होते, तपासणीला उभे राहत असतील तसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं टाळत होतो. हं, एवढंही ऐकायची आज माझी तयारी नव्हती.

पहिल्याच आलेल्या एक शिक्षिका होत्या. चष्मा वर करून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि मधल्या गोलावर बोट ठेवलं.

“सुंदर आहे. हा मधला कुठला तारा?”

मी तोंड उघडलं. पण नाना आधी बोलले.

“तारा नाही. ती चूक आहे. माझी.”

त्यांचा आवाज मोठा होता, भर बाजारात बोलण्याची सवय असलेला. आजूबाजूचे वळले.

“मी वजनमापे खात्यात होतो,” नाना म्हणाले. “आमच्यात तपासणीआधी तागडी पुसायची असते. पहिला नियम तोच. यांच्या उपकरणावर धूळ पुसू नये असा कागद होता. मला वाटलं, आळशीपणा आहे. मंगळवारी दुपारी हे कचेरीत असताना मी कॅमेरा सोडवला, काच रुमालाने पुसली आणि खुणेला खूण जुळवून परत बसवला. यांची पद्धत बरोबर होती. नोंदी बरोबर होत्या. मी चौतीस वर्षं तपासण्या केल्या. इतकं चोख काम फार थोड्या जागी पाहिलं. ते मी बिघडवलं, आणि चार दिवस गप्प बसलो.”

मी तेवीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहत होतो ते हेच होतं, आणि ते माझ्याकडे न बघता एका अनोळखी बाईंना सांगितलं जात होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“रुमाल मीच धुतला ना,” ती म्हणाली.

शिक्षिका सगळं मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी कडेच्या गोलावर बोट ठेवलं. “आणि हा दुसरा?”

“तोही...” नानांनी सुरुवात केली.

“तो माझा,” मी म्हणालो. सेक्रेटरी आणि डेंटिस्ट मागेच उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी आवाज चढवला, कारण शुक्रवारी तो त्यांच्यासमोरच चढवला होता. “मी काही न तपासता हिच्यावर ओरडलो. चारचौघांत. तिने काही केलेलं नव्हतं. माझं चुकलं.”

बायकोने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दोन हातांचं अंतर एक हातावर आणलं.

शिक्षिका फोटोकडे बघून विचारात पडल्या. “म्हणजे,” त्या म्हणाल्या, “ओरडल्यानेही असा डाग पडतो?”

“पडतो,” नाना म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बघता यावं म्हणून थोडे बाजूला सरकले.